२०४७ चे वाटे

५ जाने., सोम.
आठवीला मूळ संख्या. पेपरात बातमी आली होती ती राक्षसी संख्या सांगितली. चार कोटींवर अंक, आणि १ व स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही. बनते कशी? २ ला २ ने गुणत जायचं, शेवटी १ वजा. फळ्यावर ३, ७, ३१, १२७. सगळ्या मूळ. मग ऐटीत ठोकून दिलं, "२ मूळ संख्येइतक्या वेळा घेतला की उत्तरही मूळच." अकरा वेळा घेतला. २०४७.
मयुरी उठली. "बाई, हेचे तेवीस वाटे पडतत. एकोणनव्वद, एकोणनव्वद."
तिच्या बाबांच्या रापणीत तेवीस वाटेकरी. जाळं ओढून झालं की बांगडे मोजून तेवीस ढीग. पोरीला तेवीसचा पाढा तोंडपाठ.
म्हटलं, "खाली बस. हा वर्ग आहे, मासळीबाजार नाही." वर्ग हसला. मीसुद्धा.

६ जाने., मंगळ.
काल घरी येऊन गुणून पाहिलं. २३ × ८९. तीनदा. २०४७च.
पंचवीस वर्षं गणित शिकवतेय. आज वर्गात कबूल करणार होते. चाचणी घेतली. बोलावं लागू नये म्हणून घेतली, दुसरं काही नाही.

८ जाने., गुरु.
म. हात वर करत नाही. तिच्या वहीत २३ × ८९ खोडलंय, खाली '२०४७ मूळ'. इतर तीस वह्यांसोबत तिच्यावरही बरोबरची खूण करून सही ठोकली. हात कसा धजावला...

११ जाने., रवि.
चर्चमध्ये मिसाला गेले, पण पापं कबूल करायला, कुमसाराला, नाही. पाद्रींना सांगून मोकळं होणं सोपं आहे.
परतताना किनाऱ्यावर रापण ओढत होते. म.च्या बाबांना गाठून सांगणार होते, पण त्याऐवजी मीही दोर धरला. मग त्यांनीच लेकीचा विषय काढला. "चेडू कायतरी वाद घालीत होता. मी दटावलंय तेका. बाई सांगतत तर तसाच असतला."
मी दोर ओढत राहिले.
निघताना पिशवीत बांगडे. नको म्हटलं. "दोराक हात लावलास मा? मगे वाटो तुमचो."


१२ जाने., सोम.
सांगितलं. फळ्यावर २३ × ८९ लिहिलं. मयुरी बरोबर होती, मी चुकले. कोणी हसलं नाही. म. खाली मान घालून उतरवून घेत होती. मासळीबाजाराबद्दल मात्र तोंड उघडलं नाही.
सुटीत टेबलाशी आली. "बाई, बाबांका तुम्हीच सांगा. माझा ते ऐकनत नाय."
"सांगते."
"सगळा सांगशात?"
संध्याकाळी किनाऱ्यापर्यंत गेले. म.चे बाबा जाळं सुकत घालत होते. लांबूनच हात जोडले त्यांनी.