अध्यक्षांची दाढ

३ मार्च, मंगळवार

सकाळी पेपर उघडला आणि चहाची चवच गेली. आपल्या पक्षाने नवी घोषणा जाहीर केली आहे : 'समावेशक उद्याच्या दिशेने, विश्वासार्ह आजसह.' शी! आजसह म्हणजे काय? बावीस वर्षं या लोकांना मत देतोय. दर निवडणुकीला हे शब्दकोश काखेत मारून उतरतात आणि समोरचे तीन शब्दांत बाजी मारतात. आता संतापसुद्धा येत नाही. किळस येते.

घोषणेमागे चौदा जणांची समिती होती म्हणे. अध्यक्षांनी हे अभिमानाने सांगितलं.

संकल्प : यापुढे पक्षाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. निदान दवाखान्यात तरी.

संध्याकाळी ७. संकल्प सकाळी अकराला मोडला. माझा दोष नाही. विषय पेशंटने काढला. त्याचं तोंड उघडं होतं आणि आत माझा आरसा होता, त्यामुळे 'काढला' म्हणता येणार नाही, पण माणसाच्या डोळ्यांवरून कळतं. दातांच्या डॉक्टरइतकं जनतेचं कोण ऐकतं?

५ मार्च, गुरुवार

धाकटी बहीण आली होती. ती सरकारी प्रसूतिगृहात नर्स आहे, माझ्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. सध्या सत्तेत असलेल्यांनी ते प्रसूतिगृह पाडून तिथे पार्किंग करायचं ठरवलंय. म्हणून धाकटी वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहते आहे, आपल्या पक्षाकडून. तिकीट मिळालंसुद्धा.

मला वाईट वाटलेलं नाही. बावीस वर्षं राजकारणाचा विचार मी केला, त्या काळात ही ड्यूट्या करत होती, आणि विचारलं हिला. यात पक्षाची दृष्टी दिसते. माझा काही संबंध नाही.

म्हणाली, "दादा, संध्याकाळी माझ्याबरोबर घरोघरी येशील? निदान तुझ्या दवाखान्यासमोरच्या इमारतीत. ते लोक तुला ओळखतात."

म्हटलं, अगं हा काय प्रश्न झाला? रविवारपासून रोज.

८ मार्च, रविवार

नवे बूट चावले. दोन्ही टाचा सोलल्या. जाणं रद्द.

पण दिवस फुकट नाही घालवला. धाकटीने पत्रकाचा मजकूर नजरेखालून घालायला दिला होता. तिने लिहिलं होतं, 'प्रसूतिगृह बंद होऊ देणार नाही.' बस्स! मागे विचार नाही, पुढे दिशा नाही. मी सुधारून दिलं : 'सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या नियोजनबद्ध खच्चीकरणास जागरूक नागरिकांचा संघटित व निर्धारपूर्वक नकार.'

बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, यात प्रसूतिगृह कुठाय? म्हटलं, ते यात अंतर्भूत आहे. "असेल," म्हणाली, चपला अडकवल्या आणि धाकटीबरोबर घरं करायला गेली.

११ मार्च, बुधवार

धाकटीने आपलंच वाक्य छापलं. सख्खी बहीण!

दवाखान्यातल्या बाई (बाहेर बसून नंबर लावतात, अठरा वर्षं आहेत) म्हणाल्या, तिघांनी पुढची तारीख मागितली. एकाने विचारलं, डॉक्टर पेपर वाचत नाहीत असा एखादा वार आहे का? हा उघडउघड समोरच्या पक्षाचा दबाव आहे.

संध्याकाळी टीव्हीवर अध्यक्ष. प्रश्न सरळ होता, प्रसूतिगृहं चालू ठेवणार की बंद करणार? अध्यक्ष म्हणाले, या प्रश्नाला अनेक पैलू आहेत. अहो, मूल जन्माला यायला किती पैलू लागतात? मी टीव्हीकडे उशी फेकली. उशी फुलदाणीला लागली. बायकोने केरसुणी आणून दिली.

मुद्दे काढायला घेतले आहेत. आतापर्यंत नऊ. हा माणूस अर्धा तास, फक्त अर्धा तास माझ्यासमोर बसला आणि गप्प राहून ऐकलं, तर पक्ष वाचेल. यापेक्षा जास्त काही मागणं नाही.

१५ मार्च, रविवार

घसा बसला. काल अकरा पेशंट झाले, सगळ्यांना मुद्दा क्रमांक एक ते सहा समजावले. घरोघरी जाणं रद्द. बायको आणि धाकटीने आज चाळीस घरं केली. चाळीस घरं! आणि प्रत्येक दारात तेच एक वाक्य. वैचारिक दारिद्र्य दुसरं काय असतं?

१७ मार्च, मंगळवार

धाकटी पुन्हा आली. डोळ्यांखाली काळं. सकाळची ड्यूटी करून घरं करते. म्हणाली, "दादा, बोलू नकोस हवं तर. नुसता शेजारी उभा राहा."

नुसता उभा! खांब आहे का मी? तिला प्रेमाने समजावलं, की मी दारं वाजवण्यात शक्ती घालवली तर मूळ दुखण्याकडे कोण बघणार? दुखणं वर आहे. नेतृत्वात. ती 'बरं' म्हणून गेली.

मुद्दे चौदा झाले.

१९ मार्च, गुरुवार, संध्याकाळी ५

आज इतिहास घडला. नीट क्रमाने लिहितो.

अडीचला धाकटीचा फोन. अध्यक्ष आज आमच्या वॉर्डात सभेला आलेत, सकाळपासून दाढ ठणकतेय, पाणीसुद्धा पिववत नाही, तुझ्याकडे आणते. म्हटलं, आण.

तीनला अध्यक्ष माझ्या खुर्चीत. टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा बारीक आहेत. डावीकडची खालची शेवटची दाढ, कीड पार नसेपर्यंत गेलेली. धाकटीला सभेच्या तयारीला जायचं होतं, ती गेली. बाईंनी दार लावून घेतलं. आत आम्ही दोघंच.

'तोंड उघडा' म्हटलं तर ढिम्म. दोनदा सांगितलं. शेवटी हाताने खूण केली तेव्हा उघडलं. पहिल्या झटक्यात कुणाचं ऐकायचं नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली. इंजेक्शन दिलं आणि सुरुवात केली.

चौदाही मुद्दे मांडले. एकही गाळला नाही. घोषणा, समित्या, पैलू, 'आजसह', सगळं. महत्त्वाच्या जागी मशीन थांबवून डोळ्यांत बघून बोललो. बावीस वर्षांची मळमळ बाहेर काढली. त्यांनी एकदाही मला तोडलं नाही. दोन वेळा मान हलवली. चौथ्या मुद्द्याला, नेतृत्वाने मागे राहून कामाच्या माणसाला पुढे करावं, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांत पाणी होतं. जखम नेमकी कुठे आहे ते त्यांना कळलं.

निघताना ओठ बधिर, बोलता येईना. दोन्ही हातांनी माझा हात दाबला. पाऊण तास झाला होता.

सभेला गेलो नाही. माझं काम संपलं होतं. शिवाय कंबर धरली.

२० मार्च, शुक्रवार

बायको सभेहून आली ती वेगळंच सांगत. अध्यक्षांचा अर्धा चेहरा बधिर होता, माइकसमोर उभे राहिले, हात हलवला आणि खाली बसले. मग ऐनवेळी धाकटीला उभं केलं. ती चार मिनिटं बोलली. तिच्या रात्रपाळीत बाळंतपणाला पायी चालत आलेली बाई, तिचं बाळ, आणि सहा महिन्यांनी त्या जागी उभ्या राहणाऱ्या गाड्या. बायको म्हणाली, मैदानात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मुद्दा क्रमांक चार. दुपारी सांगितला, संध्याकाळी अमलात आला! बायकोला हे सांगितलं. तिने विचारलं, इंजेक्शन किती दिलं होतंस? गैरलागू प्रश्न.

२२ मार्च, रविवार

मतदान. दुपारी ऊन होतं, मग डोळा लागला. बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो. बाहेर 'समावेशक उद्याच्या'चा फलक वाऱ्याने उलटा झाला होता, पण अर्थाचं काही बिघडलं नव्हतं. नाक दाबून मत दिलं. धाकटीचं नाव होतं म्हणून, नाहीतर आज यांना धडा शिकवणार होतो.

२३ मार्च, सोमवार

पक्ष झोपला. तेवीसपैकी एकोणीस वॉर्ड गेले. जे चार आले त्यात आमचा एक. धाकटी दोनशे बारा मतांनी. प्रसूतिगृह पाडायचा ठराव आता पास होणं कठीण, कारण त्या सभेनंतर सत्तेतल्यांचेच आठ जण विरोधात मत देणार म्हणतात.

संध्याकाळी ती आली ती युनिफॉर्मवरच. मी दार उघडलं आणि थोडा वेळ थांबलो, की ती आधी बोलेल. ती बोलली. "दादा, एक दिवस जरी आला असतास ना, धीर आला असता. पहिल्या आठवड्यात कितीतरी दारांवरून मी बेल न दाबताच परत फिरले."

मी सांगितलं, की मी वरच्या पातळीवर काम करत होतो. 'हो,' म्हणाली, आणि प्यायला पाणी मागितलं. दोन पेले प्यायली. बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून तशीच झोपली.

२७ मार्च, शुक्रवार

पराभवाचा अभ्यास करायला अध्यक्षांनी एकवीस जणांची समिती नेमली. एकवीस! वाचून अन्न गोड लागेना. यादीत माझं नाव नाही. पण चार वाजता पत्र आलं. खुद्द अध्यक्षांच्या अक्षरात :

'डॉक्टर, दाढ उत्तम आहे. या सबंध निवडणुकीत तुमच्या खुर्चीत मिळाला तेवढा निवांत पाऊण तास मला कुठेच मिळाला नाही. ऋणी आहे.'

निवांत! खरं ऐकल्यावर माणसाला जे निवांतपण येतं ते. समिती जुन्या खोडांची समजूत काढायला असणार. खरं बोलावणं स्वतंत्र येईल. मुद्दे सतरा करून ठेवतो. पत्र फ्रेम करायला दिलं.

३० मार्च, सोमवार

फ्रेम आली. बाहेर, बसायच्या बाकासमोर लावली. बाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं आणि हसल्या. म्हणाल्या, "निवांत वाटणारच हो त्यांना. कानातली यंत्रं माझ्याकडे काढून दिली होती ना."

कसली यंत्रं?

"ऐकायची. दोन्ही कानांत असतात, शेंगदाण्याएवढी. तुमच्या मशीनचा आवाज त्यात शिट्टीसारखा घुसतो म्हणाले. मी रुमालात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवली, जाताना दिली. त्याशिवाय त्यांना ढोल वाजला तरी कळत नाही. तुम्हाला सांगितलं नव्हतं का त्यांनी?"

नव्हतं.

मग दोन वेळा मान का हलवली? बाईंना विचारलं नाही. मनगट का धरलं ते विचारायची गरज नव्हती. इंजेक्शननंतर दाढ बधिर होईपर्यंत थांबायचं असतं, तेवढा वेळ मी थांबलो नव्हतो. पहिला मुद्दा सांगायची घाई होती.

साडेदहाचा पेशंट आत आला. अक्कलदाढ, आडवी. काढायला चाळीस मिनिटं लागली. मी एक शब्द बोललो नाही. बाई दोनदा दार उघडून डोकावल्या. तिसऱ्यांदा आत आल्या आणि हळूच विचारलं, डॉक्टर, बरं वाटत नाहीये का, पुढचे पेशंट उद्यावर टाकू का?