सलीमनं आणलेली बाटली

रविवार, मगरिबच्या नमाजनंतर

सलीमनं जपानहून आणलेल्या बाटलीतला गोड रस सोया सॉसमध्ये घालून आज कोंबडी भाजली, सोबत चिकट भात. अम्मींनी, माझ्या सासूबाईंनी, बोट चाटलं. म्हणाल्या, "अच्छा बना है बेटा. ईद को भी येइच करना."

भांडी घासताना बाटलीवरची जपानी अक्षरं सहज मोबाइलला दाखवली, तर मराठीत आलं: दारू. अम्मींनी हयातभर हराम तोंडाला लावलं नाही, आणि आज मीच वाढलं. नकळत झालं ते माफ असतं ना? सांगू कशी?

सलीमला विचारायला उठले आणि दारातच थांबले. वाळूजच्या कंपनीनं त्याला भाषा शिकवूनच दोन वर्षं तिकडं पाठवलं होतं. ती अक्षरं त्याला वाचता येतात.

अम्मी बोट चाटत होत्या, तेव्हा तो मान खाली घालून जेवत होता.