बाल्कनीतल्या टाळ्या

प्रिय अक्षरा,

रविवारी तुझा शेषेरावमामा निलंग्याहून आला आणि मला बळंच सिनेमाला घेऊन गेला. तुझे पप्पा गेल्यापासून मी थिएटरची पायरी चढले नव्हते. लातूरची सगळी क्लासची पोरं तिथं लोटलेली. हिरो दाढीवाला, दंड हे एवढाले. त्यानं गुंडांना लोळवलं, तोवर ठीक होतं. मग त्यानं हिरोइनच्या थोबाडीत दिली आणि लगेच तिला छातीशी धरलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. माझा हात आपोआप डाव्या कानावर गेला. मामानं ते बघितलं. "अक्का, चल भाईर," म्हणाला. इंटरव्हलच्या आधीच आम्ही उठलो.

तशाच टाळ्या मी एकदा ऐकल्यात. नवीनच लग्न झालं होतं. उदगीरला दुपारच्या शोला आम्ही बाल्कनीत बसलो होतो. मागच्या एका पोरानं मला बघून शीळ घातली. तुझ्या पप्पांनी त्याची कॉलर धरली, पायऱ्यांवरून ओढत नेलं आणि तोंड फुटेपर्यंत मारलं. लोकांनी टाळ्या पिटल्या, म्हणाले, याला म्हणतात मर्द! खोटं कशाला सांगू, मलाही लई भारी वाटलं. बुलेटवर मागं मान ताठ करून बसले होते मी. घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "एवढ्या बायांत त्यानं तुझ्याकडंच का बघितलं?"

लहानपणी तू विचारायचीस, आई फोन नेहमी उजव्याच कानाला का लावते. तापात डावा कान गेला, असं मी सांगायचे. ताप नव्हता गं.

तुझ्या आठवणीतले पप्पा वेगळे आहेत, तुला खांद्यावर घेऊन जत्रेत हिंडवणारे. तेही खरेच होते, म्हणून मी इतकी वर्षं बोलले नाही. मामा सारखा येऊन राहतो म्हणून तू वैतागायचीस. तो का यायचा ते ऐक. पप्पांचा आवाज चढला की शेजारच्या गौरम्मा त्याला फोन करायच्या आणि तो मिळेल त्या एसटीनं निघायचा. पप्पा त्याला भित्रा म्हणायचे, बांगड्या भर म्हणायचे, एकदा तर ढकलूनच दिलं. त्यानं कधी हात उचलला नाही. "दाजी, मी हितंच बसतो. तुमचा राग उतरू द्या," एवढंच बोलून तो माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचा. भीती त्यालाही वाटायची, मला दिसायची ती. पण उठला नाही कधी. त्याच्यावर कोण सिनेमा काढणार? उंबऱ्यावर बसलेल्या माणसात लोकांना बघायला काय मिळणार?

गेल्या आठवड्यात तू फोनवर हसत सांगितलंस, नांदेडला कुणीतरी तुला काही बोललं म्हणून रविकिरणनं भर चौकात त्याचं नाक फोडलं. "आई, अगदी पप्पांसारखा आहे तो!" रेंज नाही असं सांगून मी फोन ठेवून दिला. काल त्याचे वडील माणिकप्पा साखरपुड्याची तारीख घेऊन आले होते. मी त्यांना चहा दिला, पण तारखेला हो म्हटलं नाही. रविकिरण तसाच निघेल असं मी म्हणत नाही. मला तो पुरता माहीतच कुठं आहे? पण तुला माहीत आहे. तू त्याला कधी नाही म्हणालीस का? त्या वेळी त्यानं काय केलं? आठव, आणि मला खरं सांग. मग तारखेचं बघू. आणि सांगायला जड जात असेल, तर काही सांगू नकोस, तशीच बस धरून घरी ये.

तुझीच,
आई