चौथ्या क्रमांकाची कादंबरी

जुईनगर,
११ सप्टेंबर १९९७

तीर्थस्वरूप हौसेरावदादा यांस,

रणजीतचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक, म्हणजे राजेश्वरीचा गुडघा ठीक, पाणी संध्याकाळी तासभर येतं तेही ठीक, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल. त्यांना महिनाभर काही वाचू देऊ नका, रविवारची पुरवणी तर मुळीच नाही. तुम्ही स्वतः बी.पी.ची गोळी घेऊन मगच पुढचं वाचा, कारण मी रागावलेलो आहे आणि त्या रागात तुमचाही वाटा आहे. थोरल्या चुलतभावावर रागावायची आपल्या घरात पद्धत नाही, म्हणून नमस्कार आधीच घालून ठेवला.

'आगर सुटलं' ही माझी कादंबरी तुम्हाला ऐकून माहीत आहे. आम्ही आज जिथे राहतो त्या खाडीकाठच्या पट्ट्यात पूर्वी मिठागरं होती. तिथे जन्मभर मीठ ओढलेल्या सुमित्राबाईची ही गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी ती धर्मराज नावाच्या प्रकाशकांकडे दिली. त्यांचं ऑफिस रबाळ्याला, रंगाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे (तिथे बसून कोणतंही हस्तलिखित वाचलं तरी डोळ्यांत पाणी येतं, आणि सुरुवातीला मी ते माझ्या लेखणीचं यश समजत होतो). या गृहस्थांनी, जिथे इतर लोक गणपतीचा फोटो लावतात तिथे, एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतलं कात्रण चिकटवलेलं असतं. 'गेल्या आठवड्यात सर्वाधिक खपलेली पुस्तके.' दर सोमवारी जुनं काढतात, नवं चिकटवतात. मी गेलो की पाठमोरेच त्याकडे बोट दाखवतात. "सर, टेन्शन नका घेऊ. कादंबरी झकास आहे. पण यादीत कादंबरी कुठाय, तुम्हीच दाखवा."

यादीत कादंबरी नसायची. पहिल्या क्रमांकावर कायम 'सिडको-फ्लॅट आणि वास्तुसुख', त्याखाली 'मधुमेहींसाठी मिठाया', त्याखाली बाळांची नावं. त्या यादीपायी या माणसानं दोन कवींना परत पाठवलं, एका म्हातारबाबांचं आत्मचरित्र छपाईसाठी अर्धं जुळवून झालेलं मोडलं, आणि स्वतःची वास्तुशास्त्राची तीन पुस्तकं काढली. मला काय सुचवलं ठाऊक आहे? सुमित्राबाईच्या झोपडीचं दार दक्षिणेला ठेवा. त्यामुळे नवरा जातो, जमीन जाते, मुलगा दारू पितो. शेवटी ती दार पूर्वेला करून घेते. "मेसेज पण गेला, सर, आणि स्टोरीला पण धक्का नाही." इतकी वर्षं मी साप्ताहिकांना आणि दिवाळी अंकांना वेळेवर मजकूर देत आलो, मजकुरावर कात्री चालवलेली सोसली, पण बाई जन्मभर खाऱ्या पाण्यात उभी राहिली ती दाराच्या दिशेमुळे, हे सोसण्याची सवय मला कोणी लावलेली नव्हती. जिना उतरताना मी कठड्यावर मूठ आपटली. मूठ अजून दुखते.

मग मी ठरवलं की ही वास्तुसुखाची पुस्तकं विकत घेणारा माणूस एकदा डोळ्यांनी पाहायचा. यादीखाली बारीक टाइपात, पेपरवाले ज्यांना खप विचारतात त्या दुकानांची नावं असतात. त्यात नवी मुंबईतलं एकच, वाशीचं, गोटीरामचं. गेलो आणि दुपारभर त्याच्या स्टुलावर बसलो. कंपासपेट्या गेल्या, नववीची गाइडं गेली, एका बाईंनी रांगोळीचं पुस्तक चाळून परत ठेवलं. वास्तुसुखाला कोणी हात लावला नाही. फोनच्या मागे त्याचा गठ्ठा जवळजवळ छतापर्यंत गेला होता, आणि वरच्या प्रतीवर मांजर झोपलं होतं. मी विचारलं, हे पुस्तक सगळ्यांत जास्त खपतं ना? गोटीराम इथल्या खाडीगावातलाच. बापाची शेती सिडकोत गेली तेव्हा दुकान टाकलं. बोलायला मोकळा. म्हणाला, "खपतं कुठं, सर. पेपरवाला फोन करतो तवा समोर गिऱ्हाईक उभा. काय खपलं ते कोन बघत बसतो? जे खपत नाय त्याचीच नावं सांगतो मी. पेपरात आलं म्हंजे खपंल."

दादा, मी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत लिहितो, म्हणून मला हसू यायला हवं होतं. मला घाम फुटला. म्हणजे हा गठ्ठा हलावा म्हणून नाव छापून येतं, ते नाव वाचून धर्मराज तसलीच आणखी पुस्तकं काढतात, ती गोटीरामकडे येऊन पडतात, आणि तो त्यांचीही नावं फोनवर सांगतो. या फेऱ्यात वाचक नावाचा प्राणी कुठेच नाही. मी त्याला जे बोललो ते पत्रात लिहीत नाही. तो बिचारा शांतपणे ऐकून घेत होता, आणि मिठागराचं नाव निघताच त्याचा चेहराच बदलला. त्याची आजी त्याच आगरात होती. "आमच्या आगराची गोष्ट हाय? मंग तुमी आदी नाय का सांगायचं? नाव काय बुकाचं?" मी रागाच्या भरात नाव सांगितलं, त्यानं दिलेला चहा प्यायलो आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी यादीत चौथ्या क्रमांकावर 'आगर सुटलं'.

दुपारी धर्मराज स्कूटर घेऊन दारात हजर. चप्पल न काढता आत आले. "दोन वर्षं आम्ही जपून ठेवली, आणि तुम्ही गुपचूप दुसऱ्याला दिली? कोण आहे तो? पुण्याचा आहे का?" मी सांगितलं, कोणीही छापलेली नाही. ते म्हणाले, पेपरात आलंय. मग मी गोटीरामची सगळी पद्धत सांगितली. मला वाटलं, आता हा माणूस हादरेल, कात्रण फाडेल, त्या दोन कवींची माफी मागेल. ते सोफ्यावर बसले, राजेश्वरीनं दिलेले पोहे खाल्ले, आणि म्हणाले, "म्हणजे राइट्स मोकळे आहेत. सर, आपण दुसरी आवृत्ती काढू." मी म्हटलं, पहिली कुठे आहे? "ती खपली ना. यादीतच आहे." आणि, ते पुढे म्हणाले, पहिली म्हणून छापली तर लोक विचारतील, मग खपलं ते काय होतं. मी साफ नाही म्हणणार होतो. राजेश्वरी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, पहिली नाही तर नाही. दुसरी तरी पदरात पडतेय, घ्या की." मी हो म्हटलं. तेव्हापासून मी घरात कोणाशी नीट बोललेलो नाही.

आता तुमचा वाटा. धर्मराजांनी जाताना मला पटवण्यासाठी खिशातून ग्रंथालयांच्या मागणीची कार्डं काढली (ते ग्रंथालयांना इतरांची पुस्तकंही पुरवतात). "बघा सर, हे लोक यादी बघूनच घेतात." वरचं कार्ड आपल्या गावच्या वाचनालयाचं, खाली कार्यवाह म्हणून तुमची सही. 'सिडको-फ्लॅट आणि वास्तुसुख', दोन प्रती. दादा, आपल्या गावात फ्लॅट नाही. जिना असलेली घरंसुद्धा मोजकी. सरकारी अनुदानातून, ज्यात एखाद्या पोराला हवं ते पुस्तक आलं असतं, तुम्ही एका मांजराचं अंथरूण दोनदा विकत घेतलंत. धर्मराजांचा मला राग आहे, पण तो त्यांचा धंदा आहे. तुम्ही तर बिनपगारी आहात. तुम्हाला ही अवदसा का आठवली? हात जोडून सांगतो, कमिटीपुढे ठराव मांडा की यापुढे यादी पाहून एकही पुस्तक घ्यायचं नाही. वाचनालयात येणाऱ्यांना विचारा. त्यांना तोंड आहे.

वहिनींना नमस्कार, चि. ज्ञानेश्वरीला पेपर चांगले जावोत असा आशीर्वाद. रागाचं काही जास्त झालं असेल तर पोटात घाला, पण ठराव मात्र मांडा.

तुमचा,
रणजीत

ता. क. ठराव पुढच्या महिन्यात मांडलात तरी चालेल. या महिन्यात मी यादीत आहे. दोन प्रतींची मागणी आधी रबाळ्याला जाऊ दे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात पोस्टमननं तुमचं कार्ड आणून दिलं. अभिनंदनाबद्दल आभारी आहे. तुम्ही लिहिता, कादंबरी एका बैठकीत वाचून काढली, सुमित्राबाई डोळ्यांसमोरून हलत नाही, फक्त शेवट थोडा घाईत उरकल्यासारखा वाटला. दादा, पुस्तक अजून छपाईच्या मशीनवर चढलेलं नाही. आणि शेवटचं प्रकरण तर मी लिहिलेलंच नाही. दोन वर्षांत कोणी ते मागितलंच नाही (धर्मराज तिथवर पोचले नव्हते, त्यामुळे त्यांच्याही लक्षात आलं नाही). आता त्यांना ते येत्या आठवड्यात हवं आहे आणि मला काही केल्या सुचत नाही. तेव्हा शेवटी सुमित्राबाई आगराच्या बांधावरच राहते की मुलाकडे फ्लॅटमध्ये जाते, एवढं उलटटपाली कळवावं. कार्डावर मावणार नाही, अंतर्देशीय घ्या, म्हणजे पुन्हा घाई होणार नाही.