एक पिशवी कमी

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय ठकू,

सकाळी नळ दुरुस्त करून घेतला. चादरी धुतल्या. दुपारी तुझ्या आईच्या नोकरीतले जुने कर्नल आले. ती गेल्याचं त्यांना परवा कळलं. जाताना त्यांनी डिव्हिजनच्या साठ वर्षांचा इतिहास हातात ठेवला.

जाडजूड पुस्तक आहे. सुरुवातीला अठ्ठावीस छत्रीसैनिक आणि दोन विमानं, तीही दुसऱ्यांकडून मागून आणलेली. पुढे पुराने वेढलेल्या गावात उतरलेले जवान, शत्रूच्या पाठीमागे तीन दिवस राखलेला पूल. वाचताना ऊर भरून येतो. पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्या बायकांवर मात्र एकच वाक्य आहे. आई त्यांच्यातलीच, पण यावर नुसती हसली असती.

पान एकशे बारावर सहाशे जणांच्या उडीचा सराव आहे. ‘खराब हवामानामुळे एक दिवस पुढे ढकलला’ असं छापलंय. ठकू, त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी तुझी झबली वाळत घातली होती.

घडी घालताना पॅराशूटचं कापड सरकू नये म्हणून त्यावर वजनाला शिशाच्या छऱ्यांच्या छोट्या पिशव्या ठेवतात आणि शेवटी मोजून काढून घेतात; एखादी आत राहिली तर छत्री उघडेलच असं नाही. आदल्या संध्याकाळी आईच्या टेबलावर आठच्या सातच भरल्या. शेजारची म्हणाली, “कोठीतून नवी घे नि गप बस.” आई तडक कर्नलांपुढे जाऊन उभी राहिली. ते म्हणाले, “बाई, उद्या सहाशे जण उडणार आहेत.” ही म्हणाली, “म्हणूनच आले, साहेब.” पिशव्या टेबलाटेबलांवर फिरायच्या, त्यामुळे सगळ्याच छत्र्या उघडाव्या लागल्या. चारशे सातवीत ती पिशवी निघाली, आणि ती घडी आईच्याच हातची होती.

शिक्षा म्हणून तिला सहा महिने शिवणखात्यात बसवलं. येताजाता बाकीच्या विचारायच्या, “काय गं, आज हवा कशी?” ती म्हणायची, “स्वच्छ.”

कर्नल आज म्हणाले, “ते हवामान मीच लिहिलं होतं. तिला वाचवायला नव्हे, डिव्हिजनची लाज राखायला.” नव्या आवृत्तीत त्यांना खरं लिहायचंय, तिची चूक आणि तिचं नाव, दोन्ही. मी हो म्हणालो. तुलाही विचारतो.

रविवारी फोनवर तू सांगत होतीस की औषधाच्या एका खेपेवर तू सही केलीस आणि मग तुला आकडा चुकीचा वाटला. माल पुढच्या आठवड्यात गोदामातून निघणार. “कुणाच्या लक्षात नाही येणार, बाबा,” म्हणालीस आणि मी जेवलो का ते विचारायला लागलीस. मी जेवलो म्हणालो. मला वेळेवर बोलायला सुचत नाही, तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र आजच्या आज कुरियरने पाठवतो आहे. नोकरीवर काही बेतलं, तर तुझी खोली आहे तशीच आहे.

चादरी वाळल्या असतील. घडी घालायला दोघं लागायचो. आता एक टोक हनुवटीखाली धरतो, जमतं.

तुझेच,
बाबा