आधी सगळं बरं म्हनायचं

५ जानेवारी २००३

पासपोर्ट आले! माझा न् अक्षदाचा. फोटोत मी रडून उठल्यावानी दिसती. पोरगी दोन वर्साची, तिला बी पासपोर्ट! हे तिकडं आफ्रिकेत, आरुषाला, गुलाबाच्या फार्मावर सुपरवायझर हायेत. मार्चात येऊन आमाला नेनार. मला लई भ्या वाटतं. मी पुन्याच्या पल्याड कधी गेले न्हाई.

सासूबाई पासपोर्टाला हात लावंनात. "गोरख गेला, आता तुमी बी जा. मला म्हशी हायेत बोलायला!"

९ जानेवारी

आळेफाट्याला फतेचंद शेठच्या दुकानात धान्य निवडायला जाते. शेठची रिंकूताई बाळंतपनाला आलीय. तिचं सासर त्याच देशात, दारेसलामला. म्हनाली, "नंदा, तिथं आधी ख्यालीखुशाली विचारायची. ती पुरी झाल्याशिवाय कामाचं बोललीस तर उद्धट म्हणतील तुला."

हुजाम्बो म्हनलं की सिजाम्बो म्हनायचं. हबारी झा न्युम्बानी — म्हंजी घरचं कसं काय? त्याला न्झुरी. बरं हाय. कामाचं कसं काय? न्झुरी. मग पोराबाळांचं. न्झुरी.

मी म्हनलं आमच्याकडं कसं काय इचारलं तर बाया गुडघ्यापासनं सुरू करत्यात! रिंकूताई हसली. टाके दुखतात म्हनून पोट धरून हसली.

१२ जानेवारी

म्हाताऱ्या मानसाला शिकामू म्हनायचं. म्हंजी पाय धरते तुमचे. पन वाकायचं न्हाई, तोंडानंच! ते म्हनतात मराहाबा.

सासूबाईंना करून दाखवलं. "वाकायला कमरा मोडल्यात व्हय त्यांच्या? तू वाक आधी." वाकले.

सांजचं म्हशीला पानी दाखवताना सासूबाईच आपल्याशी मराहाबा मराहाबा करत व्हत्या. मी ऐकलं!

१९ जानेवारी

शेजारच्या गेणभाऊंकडं ह्यांचा फोन आला. आवाज पार बसलेला. हिवताप हाय म्हनाले. मी रडाया लागले. "ए येडे, गोळ्या चालू हायेत. इथं समद्यांनाच येतो."

मग घरमालकिनीला दिला फोन. मामा हलिमा. बाईला मामा म्हनतात तिथं! मी घाबरत शिकामू म्हनलं. म्हातारी अशी हसली! मराहाबा, मराहाबा. मागं हे बी हसत व्हते. हसताना खोकला आला.

२६ जानेवारी

फोन न्हाई.

३० जानेवारी

गेणभाऊंना इचारलं. म्हनाले लाईन खराब हाय. घाईत निघून गेले.

१ फेब्रुवारी

मीच लावला फोन! शेठच्या बूथवरनं. रिंकूताई बाळाला घेऊन नारायणगावला डॉक्टरकडं गेलेली. थांबवंना मला. आकडे शेठनीच दाबले.

मामा हलिमानं उचलला. शिकामू — मराहाबा. घरचं कसं काय? न्झुरी. कामाचं? न्झुरी. पोराबाळांचं? न्झुरी. ह्यांचं नाव घेऊन इचारायचं व्हतं, पन तोंडातनं नाव निघंना. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, शेठ समोर बसलेले! म्हनलं घरचं इचारलं म्हंजी त्यात हे आलेच की.

मग ती लई बोलली, हळूहळू. मला काय बी कळलं न्हाई. पोले, पोले साना असं सारखं म्हनत व्हती. ते मला शिकवलेलं न्हाई. मी आपलं असांते म्हनलं, उपकार झाले. मग लाईन गेली.

सगळं बरं हाय! घरी पळत आले. सासूबाईंना सांगितलं. त्या बघतच राहिल्या. मग म्हनाल्या, "बरं झालं बाई. काय तरी गोड कर." शिरा केला. त्यांनी घासभर खाल्ला, दात ठनकतो म्हनाल्या. अक्षदानं दोनदा मागितला.

२ फेब्रुवारी

रिंकूताईला हौसेनं सांगितलं. तिचं तोंड उतरलं.

"नंदा, न्झुरी तर सगळेच म्हणतात गं. घरात मयत असली तरी आधी न्झुरी. खरं ते मागनं सांगतात. मागनं काय म्हणाली ती?"

म्हनलं पोले. लई येळा.

रिंकूताईनं बाळ खाली ठेवलं. "कुणाचं दुःख असलं की पोले म्हणतात."

"मी तर असांते म्हनलं!"

"तेच म्हणायचं असतं," ती म्हनाली न् रडाया लागली. आता तिच्या नवऱ्याला चौकशी करायला सांगितलंय. मी गहू निवडत बसले. खडे दिसंनात.

३ फेब्रुवारी

खरं हाय.

ताप डोक्यात गेला. तिथल्या गुजराती लोकांनी अग्नी दिला. मी तोंड बी पाहिलं न्हाई.

घरी आले तर सासूबाई शेन काढत व्हत्या. "आलीस?" म्हनलं व्हय. फुडं सांगता येईना. एकच लेक त्यांचा. कसं सांगू? कुन्या तोंडानं?

४ फेब्रुवारी

सकाळी आरशाफुडं उभी राहिले. कुंकू लावू का नको? न्हाई लावलं तर त्या इचारतील. लावलं. देवा, माफ कर.

दुपारी कासार आला. सासूबाईंनीच हाक मारली. "हिला हिरव्या भर. भरगच भर." मी हात फुडं केला. ह्या बिचारीला काय म्हाईत! कासार म्हनाला, "आक्का, हात सैल सोडा." काचंचा आवाज सहन हुईना. गोठ्यात जाऊन पदर तोंडात कोंबला न् रडले.

उद्या सांगते. उद्या नक्की.

५ फेब्रुवारी

कुंकवाला बोट लावलं तर सासूबाईंनी मनगट धरलं. "नंदे, पुरं आता. मला कळून आठ दिस झाले. गेणभाऊकडं फार्मावरच्या सायबाचा फोन आला व्हता. सांगितलं तर बाया येतील, तुझ्या बांगड्या फोडतील. म्हनलं आजचा दिस जाऊ दे. उद्याचा उगवला, म्हनलं ह्यो बी जाऊ दे."

मी म्हनलं, आत्या, मला बी कळलंय.

लई येळ त्यांनी माझं मनगट सोडलं न्हाई. मग दारात जाऊन त्यांनीच हाक मारली — "गेणभाऊ, बायांना बोलवा."