मोटरीखालचं नाव

इंदोरा, नागपूर
ता. १४-५-१९६१

ती. देवीदासदादास,
धाकटी बहीण ललिता हिचा सप्रेम जयभीम. वि. वि. आमी दोघी मायलेकी अन् सासू बऱ्या आहो. तुमचं कसं आहे ते कळवत जा, तुले पत्राचा लय कंटाळा.

शेजारच्या सिंधुताई भिलाईले येऊन राहिल्या, त्याईच्या हाती कांताची खेळायची मोटर पाठवली आहे. रशियन साहेबाचा बंगला खाली झाला तवा कांताच्या बाबानं आणली होती, तीच. ओतीव लोखंडाची आहे म्हणून टिकली, पण रंग पार उडाला. तुहं कामच गर्डर रंगवायचं, तर घरी बसून हिले बी रंगवून दे.

माहं लग्न पंचवीस जूनले ठरलं. भाऊराव रेल्वेत खलाशी आहेत, माणूस शांत आहे, कांता त्याईले भेत नाही. शाळा उघडली की तिचं नाव टाकायचं आहे. तिथं बापाचं नाव कोणतं लिवायचं ते मी भाऊरावले अजून विचारलं नाही, धीर होत नाही.

मोटर रंगवशीन तवा तिच्या पोटाखाली कांताच्या बाबाचं नाव आहे, ते नीट काढजो. तेवढं विसरू नोको.

माया अशीच राहू दे.
तुही ललिता


कॅम्प-१, भिलाई
ता. २-६-१९६१

चि. ललितास,
देवीदासचा जयभीम अन् आशीर्वाद. कंटाळा म्हणतं ना, तर घे हे लंबं पत्र.

मोटर सिंधुताईसंगच परत येऊन राहिली. दोन दिवस सोड्याच्या पाण्यात बुडवून जुना रंग सोडवला. तुही वहिनी ओरडली, भाजी शिजवायचा गंज खराब केला म्हणून. मंग शेंदरी प्रायमरचा एक हात, वरून निळ्याचे दोन. रबराच्या चाकायले कागद गुंडाळला. इथली धूळ तुले मालूमच आहे, म्हणून टोपल्याखाली वाळवली.

नाव काढलं. बळीरामनं खिळ्यानं लय खोल कोरलं होतं, अख्खी सुट्टी कानस मारण्यात गेली. आता बोट फिरवून पाह्य, काहीच लागत नाही. बळीराम माहा दोस्त होता, घासताना मन खराब झालं, पण तू म्हटलं ते बरोबर आहे. नव्या घरी जाऊन राहिली, मांगचं ओझं कावून नेतं?

पुढच्या पत्रावर तुले सौ. लिवावं लागन, तवा मिठाई खाईन. कांताले मामाचा मुका.
तुहा दादा


इंदोरा
ता. ६-६-१९६१

दादा, जयभीम.
मोटर भेटली. मी काढजो लिवलं ते रांगोळी काढतात तसं, अक्षर काढतात तसं. खाचा मातीनं बुजल्या होत्या. त्यात तू पांढरा रंग भरशीन, नाव उठून दिसन, एवढंच माह्या मनात होतं. तू घासून टाकलं.

कांताच्या बाबाले लिवणं येत नव्हतं. तुह्याच कॅम्पातल्या प्रौढवर्गात सहा महिने जाऊन स्वतःचं नाव तेवढं शिकले, अन् दुसऱ्याच दिवशी पोरीच्या मोटरीखाली कोरलं. महिनाभरात कावीळ झाली अन् गेले. फोटो नाही, चिठ्ठी नाही. त्याईच्या हातचं तेवढंच होतं. कांता रोज मोटर उलटी करून बोट फिरवायची, ब कुठं आहे ते मले दाखवायची. काल तिनं मोटर उलटी केली अन् बोटानं ब शोधत राहिली.

मले लय राग येऊन राहिला, अन् तो कोणावर काढू ते समजत नाही. कुठं त्याईची सही असन तर पाह्य.
ललिता


कॅम्प-१
ता. १४-६-१९६१

चि. ललितास आशीर्वाद.
तीन दिवस काम सोडून फिरलो. वर्गाचे मास्तर, शामसुंदर, भेटले. त्याईले बळीराम आठवला, पण पाट्या रोजच्या रोज पुसल्या जायच्या म्हणाले.

मंग ठेकेदाराच्या मुनशीपाशी गेलो. त्यानं जुनी हजेरी काढून दाखवली. बळीरामच्या पुढं पयल्या दिवसापासून आंगठाच आहे. एकदा बळीराम म्हणाला होता, आता सही करतो म्हणून. मांगं लाइन लंबी होती, अक्षर जुळवत बसला तर वेळ लागन, म्हणून मुनशीनंच आंगठा लावायले सांगितला. मुनशी बी हे सांगताना खाली पाहून राहिला होता.

माह्या हातून वंगाळ झालं. मोटर पाठव, मी माह्या हातानं नाव टाकून देतो, माहं अक्षर चांगलं आहे. पंचवीसले तुही वहिनी अन् मी येतोच आहो. माफी मागायले तोंड नाही.
देवीदास


इंदोरा
ता. २१-६-१९६१

दादा, जयभीम.
मोटर पाठवत नाही. तुहं अक्षर चांगलं आहे, पण ते घेऊन मी काय करू?

शब्द मीच लिवला, दोष माहा बी आहे. पण त्याचे दोन अर्थ होते अन् तुले पुसायचाच दिसला. बाई दुसरं घर करते म्हणजे पयल्याले पुसूनच जाते, असं तुले वाटलं. मले लागलं ते हे. मंग वाटलं, दादालेच असं वाटते का सगळ्यायलेच? शनिवारी भाऊराव आले, तर तुहं दोन तारखेचं पत्र त्याईच्या हातात दिलं.

वाचून ते म्हणाले, दादा समजदार आहेत, निघालं ते बरंच झालं, आता शाळेत बी पोरीच्या नावापुढं बाप म्हणून आपलंच नाव लिवू. मायेनंच म्हणाले, रागानं नाही. मी त्याईले चहा दिला अन् लग्नाले नाही म्हटलं. ही सोयरीक सासूनंच जुळवली होती, तिनं तवापासून माह्याशी बोलणं टाकलं आहे.

सोमवारी कांताले शाळेत नेलं. हेडमास्तरनं बापाचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही म्हणून मी ते जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं, ते गेल्यावर बी नाही. सोमवारी घेतलं. हेडमास्तरले ऐकू आलं नाही, म्हणून मोठ्यानं आणखी एकदा घेतलं.

तुमी पंचवीसले येऊ नोका. वहिनीले जयभीम.
ललिता